पडवीतले इंजिन

गेल्या दिवाळीत आमच्या पडवीत ना कंदील लागला, ना रांगोळी पडली. तिथे मोटारीचे इंजिन पडले होते. फराळाला येणारी माणसे मागच्या दाराने घरात शिरत, पडवीत डोकावत, "अजून जोडलं नाय?" असे विचारत आणि मगच करंजीला हात लावत. आई तर चौथ्या दिवशी म्हणालीच, "यंदा लक्ष्मीपूजन कशाचं करायचं ते तरी सांगा. तुमच्या त्या लोखंडाचं करू काय?"

बाबा हसले नाहीत. ते हातातल्या दांड्याला कापड गुंडाळत होते. इंजिनच्या पोटातली तेलाची भोके ते तिसऱ्यांदा साफ करत होते.

हे इंजिन आमचे नव्हते. आमच्या पावसातल्या एका आंबा बागायतदारांच्या प्रीमियर पद्मिनीचे ते इंजिन. साऱ्या वाडीत त्यांना भाऊ म्हणतात. बाबा त्यांच्या बागेचे काम पाहतात आणि त्यांची गाडीही चालवतात. भाऊंचे वय आता ऐंशीच्या घरात. दर महिन्याला तपासणीसाठी गोळप, भाट्ये करत रत्नागिरीला जायचे, अधूनमधून स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला, नाहीतर गणेशगुळ्याला गणपतीच्या दर्शनाला जायचे, एवढेच त्या गाडीचे काम. पण मे महिन्यात भाट्याच्या चढावर गाडीने मागे निळा धूर सोडला. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, हे बाबांनी आरशात पाहूनच ओळखले. पावसाळाभर गाडी उभी राहिली. डिसेंबरात तिच्या फेरनोंदणीची मुदत होती. भाऊंचे चिरंजीव मुंबईहून फोनवर एकच सांगत होते, "भंगारात द्या." शेवटी गणपतीत भाऊ स्वतः काठी टेकत आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, "तू जोडणार असशील तर ठेवतो. दुसऱ्या कोणाकडे द्यायची नाही."

यात मान होता तसा पेचही होता. गाडी गेली तर ड्रायव्हर कशाला हवा? आणि बाबांनी इंजिनाला हात लावणे तर सात वर्षांपूर्वीच सोडले होते.

ती गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नाही. पण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही, म्हणून बाबांना विचारून इथे लिहिते आहे. बाबा सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि कुर्ल्याच्या एका गॅरेजात बारा वर्षे राबले. सातवीनंतरची त्यांची शाळा तीच. गावी परतल्यावर ते घरीच गाड्या दुरुस्त करत. सात वर्षांपूर्वी एकाची जीप त्यांनी एका रात्रीत जोडून दिली. मालकाच्या घरी लग्न होते आणि वरातीला जीप हवी होती. पहाटे चारला इंजिन सुरू झाले आणि अर्ध्या तासात जाम झाले. उघडून पाहिले तर तेलाच्या एका वाटेत चिंधीचा तुकडा अडकला होता. तेल पोचले नाही, बेअरिंग जळाले, क्रँकशाफ्ट गेला. नुकसान बाबांनी भरून दिले. त्यानंतर प्लग बदलणे, ब्रेक बघणे, एवढेच ते करत. इंजिन उघडायचे म्हटले की "माझ्याकडे हत्यारं नायत" असे सांगून मोकळे होत. हत्यारे पोटमाळ्यावर गोणत्यात बांधलेली होती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी ते गोणते खाली काढले.

मला वाटले होते की हत्यारे आली, इंजिन खोलले, सामान आले, की दोन दिवसांत जोडून होईल. प्रत्यक्षात जोडायला दीडच दिवस लागला, पण त्याआधीच्या तयारीत दीड महिना गेला. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारी माणसे. दीड महिना नुसती तयारी करणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

पहिली तयारी जागेची. आमच्या पावसची हवा इंजिनाची वैरीण. एका बाजूला समुद्र, त्याची खारी हवा. उघडे लोखंड रात्रभर राहिले की सकाळी त्यावर तांबूस साय धरते. दुसऱ्या बाजूला जांभ्याची लाल माती, जी वाऱ्याबरोबर कुठेही शिरते. बाबांनी पडवीची पूर्वेची बाजू निवडली. तीन बाजूंनी ताडपत्री बांधली. माळ्यावरचे जुने दार काढून चार चिऱ्यांच्या थरावर आडवे टाकले आणि त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरले. हे आमचे टेबल. अंगणात सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे काम धाकट्या भावाकडे आले आणि जोडणीच्या दोन दिवसांत पडवीत केरसुणी फिरवायची नाही, असा हुकूम आईला झाला. आयुष्यात प्रथमच केर न काढण्याबद्दल तिची कोणी स्तुती केली.

दुसरी तयारी भांड्यांची. इंजिन खोलताना निघणारा प्रत्येक नट कुठला, हे आठवत नाही. गॅरेजात त्यासाठी ट्रे असतात. आमच्याकडे करवंट्या होत्या. वीस-बावीस करवंट्या घासून, वाळवून, त्यांवर खडूने आकडे घातले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या आठ सळ्या, ज्यांना पुश रॉड म्हणतात, त्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोके पाडून ओळीने खोचल्या. कारण जी सळी ज्या जागेवर घासली गेली त्याच जागी ती परत गेली पाहिजे. पिस्टन आंब्याच्या पेटीत गवतावर निजवले. हापूस निजतो तसे. भाऊ एकदा येऊन ती पेटी पाहून म्हणाले, "यांना पिकायला किती दिवस लागतील?"

भावाने प्रत्येक पायरीचे मोबाइलवर फोटो काढले. बाबांना आधी ते आवडले नाही. पण कार्ब्युरेटरची एक स्प्रिंग कुठल्या भोकात होती यावर वाद झाला तेव्हा फोटोनेच निकाल दिला. त्यानंतर बाबा स्वतःच "ह्याचा काढ रे एक" म्हणू लागले. इंजिन जोडण्याचे व्हिडिओही आम्ही त्यांना दाखवले. ते लक्षपूर्वक पाहत आणि शेवटी म्हणत, "हात दिसतो, पण हाताचा जोर दिसत नाय."

माझ्याकडे आली वही. डाव्या पानावर काय काढले, उजव्या पानावर काय लावले. लावले की शेवटी बरोबरची खूण. शिवाय भाऊंकडे गाडीबरोबर आलेले दुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक होते, पिवळे पडलेले, कोपरे झिजलेले. ते वाचून सांगायचे काम माझे. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि कॉलेजात गेलेलीही मीच पहिली. तेव्हा माझा रुबाब काय विचारता! पहिल्याच पानावर मी अडखळले. "मेन जर्नल तपासा" असे लिहिले होते. जर्नल म्हणजे नियतकालिक, हे मला पक्के ठाऊक. मी तसे सांगितले. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि क्रँकशाफ्टचा गुळगुळीत, आरशासारखा भाग बोटाने दाखवला. "हे जर्नल. शाफ्टचा जो भाग बेअरिंगमध्ये बसून फिरतो तो." मला शब्द येत होता, त्यांना वस्तू येत होती. त्या दिवसापासून आमचा करार झाला: मी शब्द वाचायचा, त्यांनी वस्तू दाखवायची आणि दोघांचे जुळेपर्यंत पुढे जायचे नाही. एकेका पानाला संध्याकाळ लागे. पण खरे सांगते, इतके सावकाश आणि इतके समजून मी दुसरे कुठलेही पुस्तक वाचलेले नाही.

या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७० नंतरच्या काळात त्याच गाडीला चितोडच्या राणीवरून पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, असे कित्येक वर्षे समीकरण होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली होती. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात बाबा कारागीर झाले. त्यामुळे तिचे नि त्यांचे माहेर एक.

इंजिन तसे साधे. चार सिलिंडर, एका ओळीत. पुस्तकात व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर दिलेली. मी शाळेतले वृत्तचितीचे सूत्र आठवून गुणाकार केला आणि चारने गुणले. उत्तर १०८९ घनसेंटिमीटर आले. पुस्तकात तोच आकडा छापलेला पाहून मला झालेला आनंद कलाशाखेच्या विद्यार्थिनीलाच कळेल. शोषण, दाब, स्फोट आणि निकास या चार चालींवर हे इंजिन चालते. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने १८७६ साली असे इंजिन चालवून दाखवले. एवढ्या वर्षांत बाकी सारे बदलले, पण पेट्रोलच्या इंजिनाच्या या चार पावलांचा क्रम तोच आहे.

तिसरी तयारी मोजमापाची. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट रत्नागिरीच्या वर्कशॉपात नेले. सिलिंडर घासून लंबगोल झाले होते, ते बोअर करून पुन्हा गोल केले; अर्थात पिस्टन मोठ्या मापाचे आले. क्रँकशाफ्ट दहा थाऊ ग्राइंड केला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. तेवढीच जाड बेअरिंगे लागणार. नवे सामान आतेभावाने कुर्ल्याच्या बाजारात फिरून जमवले आणि एसटीच्या पार्सलने पाठवले. आलेली प्रत्येक वस्तू बाबांनी पुन्हा मोजली. मी म्हटले, "खोक्यावर माप लिहिलंय की." ते म्हणाले, "खोक्यावरचं खोक्यापुरतं."

पिस्टनची रिंग थेट पिस्टनवर चढवायची नाही, हे मला तेव्हा कळले. आधी ती एकटीच सिलिंडरमध्ये सोडायची, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजच्या पात्याने मोजायची. इंचभर व्यासाला चार थाऊ, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब. आमच्या ६८ मिलिमीटरला पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. फट कमी राहिली तर रिंग तापून फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. जास्त राहिली तर दाब निसटतो. बारा रिंगा आम्ही अशा एकेक करून मोजल्या. त्यांपैकी दोन बाबांनी बारीक कानशीने अगदी हलक्या हाताने घासल्या.

चौथी तयारी हत्यारांची. गोणत्यातून रिंग पाने, दुतोंडी पाने, गोट्यांचा डबा, पेचकस, पकडी, लाकडी हातोडा निघाला. सगळ्यांना डिझेलने आंघोळ घातली. रिंगा दाबून धरणारा पत्र्याचा पट्टा, म्हणजे रिंग कॉम्प्रेसर, गंजला होता. तो नवा आणला. आटे साफ करायचे टॅप एका ओळखीच्यांकडून आणले. इंजिन उचलायची चेनकप्पी पूर्णगडच्या एका बोटमालकांनी दिली. बोटीचे इंजिन काढताना ते ती वापरतात. कप्पी अंगणातल्या फणसाच्या फांदीला लावायची, असे ठरले.

आणि टॉर्क पाना. हा एकच पाना असा, की किती जोराने आवळले ते तो सांगतो. ठरलेला जोर लागला की 'टक्' असा आवाज देतो. बाबांकडे तो कधीच नव्हता. कुर्ल्यात त्यांचे उस्ताद मनगटानेच आवळत आणि बाबांचेही मनगट तयार होते. पण यावेळी त्यांनी स्वतःच तो भाड्याने आणला. मला त्याचे कारण नंतर कळले: सात वर्षांत त्यांचा मनगटावरचा विश्वास गेला होता. पाना आणल्यावरही ते समाधानी नव्हते. प्रत्येक बोल्टाच्या आट्यात टॅप फिरवून, हवा मारून, तेलाचा थेंब लावून ते बोटाने सहज फिरतो का पाहत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "हा पाना पीळ मोजतो, आवळ मोजत नाय. आट्यात माती असली तर निम्मा जोर ती खाते. पाना टक् करतो, आपण म्हणतो घट्ट झाला, आणि झालेला नसतो." पुस्तकात मी हीच गोष्ट चार ओळींत वाचली होती, पण ती मला या तीन वाक्यांत समजली.

पाचवी आणि सर्वांत लांब तयारी धुण्याची. बोअर केलेल्या ब्लॉकमध्ये दगडाचे आणि लोखंडाचे बारीक कण राहतात. ते डिझेलने निघत नाहीत. उलट चिकटून बसतात. त्यासाठी गरम पाणी आणि साबण. आमच्या न्हाणीत तांब्याच्या बंबाचे पाणी उपसून इंजिनाला अभ्यंगस्नान झाले, तेही नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी! मग आईच्या जुन्या सुती लुगड्याचे पांढरे तुकडे. सिलिंडरमधून फिरवलेले कापड पांढरेच बाहेर आले पाहिजे. पहिले राखाडी आले, पाचवे फिकट आले, नववे पांढरे आले. लगेच कोरडे करून तेलाचा हात. नाहीतर पावसची हवा वाट पाहतच होती.

तेलाच्या वाटा मात्र बाबा एकटेच साफ करत. तिथे आम्हांला येऊ देत नसत. सळी घालायची, हवा मारायची, दुसऱ्या टोकाशी बॅटरी धरून उजेड येतो का पाहायचा. आणि प्रत्येक चिंधी मोजून घ्यायची, मोजून परत ठेवायची. चिंध्यांचा आकडाही माझ्या वहीत लिहिला जाई. हे ते का करतात ते मी कधी विचारले नाही.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी सुरू झाली. आधी बेअरिंगे, त्यांवर तेल, मग क्रँकशाफ्ट. शाफ्ट बेअरिंगवर टेकत नाही, तेलाच्या पातळ पदरावर तरंगतो. म्हणून तर तेलाची वाट बंद झाली की सारे संपते. प्रत्येक टोपी तिच्या नंबराच्या जागी, तिच्याच दिशेने. टोपी आवळली की शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. फिरला की पुढची. मग पिस्टन, रिंगांच्या फटी एकमेकींपासून दूर ठेवून. मी पुस्तकातला आकडा मोठ्याने म्हणायची, बाबा पाना लावायचे, टक् आवाज यायचा, मी खूण करायची. संध्याकाळपर्यंत तेलाचा पंप, टायमिंगची साखळी आणि खालचे तेलपात्र बसले. दुसऱ्या दिवशी हेड. त्याचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. ओल्या कपड्याच्या सुरकुत्या मधून बाहेर सारतो ना, तसे. नाहीतर हेड वाकते. दुपारी तीनला इंजिन तयार झाले. चेनकप्पी फणसाला टांगलेली होती आणि ती त्याच संध्याकाळी पूर्णगडला परत करायची होती, कारण बोटीवर काम निघाले होते. भाऊ खुर्ची टाकून अंगणात बसले होते.

मी वही चाळत होते. पिस्टनच्या दांड्यांचे नट आठ. खुणा सात.

चौथ्या सिलिंडरच्या दुसऱ्या नटापुढची जागा रिकामी होती.

माझ्या पोटात गोळा आला. नट आवळला होता आणि मी खूण करायला विसरले होते? की आवळायचाच राहिला होता? त्या वेळी आईने चहा आणला होता, एवढे आठवत होते. बाकी काही आठवेना. भावाला हळूच विचारले. तो म्हणाला, "झाला असेल गो. मी आवाज ऐकलाय." आवाज तर दिवसभर येत होते. त्यासाठी उघडायचे तर इंजिन आडवे करायचे, तेलपात्राचे वीसेक बोल्ट काढायचे, चिकटवलेले गॅस्केट फाटणार, आणि नवे गॅस्केट नव्हते. कप्पी जाणार, भाऊ बसलेले. आणि चूक माझी. गप्प राहिले असते तर कोणाला कळले नसते. हे दोन मिनिटे माझ्या मनात होते, ते लपवत नाही.

मी बाबांना वही दाखवली.

त्यांनी पान पाहिले. कपाळावरचा घाम बाहीने पुसला. मला वाटले, आता ओरडतील. ते भाऊंकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, आज नाय होत." भाऊंनी विचारले, "काय राहिलं?" बाबा म्हणाले, "एक खूण राहिली."

आम्ही तिघांनी इंजिन आडवे केले. तेलपात्र काढले. अपेक्षेप्रमाणे गॅस्केट फाटले. बाबांनी चौथ्या दांड्याला टॉर्क पाना लावला आणि सावकाश जोर दिला.

टक्.

नट जागचा हललाही नाही. तो काल व्यवस्थित आवळलेलाच होता.

मला रडू आले. एका विसरलेल्या खुणेपायी सगळ्यांचा दिवस वाया घालवला, असे मी म्हटले. बाबा खाली बसले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाले, "त्या रात्री चिंध्या मोजायला कोण असता, तर मीपण उघडलं असतं. वाया काय गेलं? आता मला माहीत हाय. मघाशी नुसतं वाटत होतं."

नंतर एकदा मी हिशेब केला. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरते तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि उलट फिरतो. त्या प्रत्येक वेळी त्याला धरून ठेवणारे दोनच नट असतात. मी उगाच घाबरले नव्हते.

त्या रात्री बाबांनी गॅस्केटच्या जाड कागदावर तेलपात्र ठेवून पेन्सिलने आखले आणि कात्रीने नवे गॅस्केट कापले. कप्पी पूर्णगडला जाऊन चार दिवसांनी पुन्हा आली. इंजिन गाडीत बसले, तेल भरले. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन नुसते फिरवत ठेवले, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे आगीआधी तेल सगळीकडे पोचावे. दिवा विझला तेव्हा बाबांनी डोळे मिटले होते. मग प्लग लावले. पहिल्यांदा नुसते खोकल्यासारखे झाले. दुसऱ्यांदा इंजिन लागले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्ध्या तासात काय होते ते पाहायचे होते. बाबा गाडीपाशी उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. आईही कामाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग बाबांनी चावी फिरवून इंजिन बंद केले आणि म्हणाले, "चहा टाक."

पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवायची, मग तेल बदलायचे, हेडचे नट पुन्हा तपासायचे. ते सर्व झाले. डिसेंबरात फेरनोंदणी झाली. भाऊ महिन्याच्या महिन्याला रत्नागिरीला जातात आणि भाट्याच्या चढावर मागे वळून धूर पाहतात, तो नसतो. हत्यारांचे गोणते पुन्हा माळ्यावर गेले नाही. ते आता पडवीतच आहे.

आणि माझी वही माझ्या टेबलावर आहे. त्या रिकाम्या जागेत बाबांनी पेन मागून घेऊन स्वतः खूण केली. ते एरवी पेन हातात धरत नाहीत, म्हणून ती खूण जरा वाकडी आली आहे.